नेपथ्यातलं दार

सांगलीच्या माणसाला नाटकातलं कळत नाही असं म्हणणारा अजून सांगलीत जन्मलेला नाही, आणि बाहेर जन्मलेल्यांचं आम्ही मनावर घेत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्या गावात. तेव्हापासून गावाला जो नाटकी ताठा आला आहे तो कृष्णेच्या पुरातही वाहून गेलेला नाही. आमच्याकडे बँकेतला कॅशियरसुद्धा नोटा मोजून झाल्या की एक पॉझ घेतो आणि मगच दोनशे कमी असल्याचं सांगतो.

अशा गावात माझी नाट्यकारकीर्द एकूण चार शब्दांची झाली. ‘महाराज, शत्रू वेशीपाशी आला!’ साल १९७८, राज्य नाट्य स्पर्धा, सांगली केंद्र, नाटक ऐतिहासिक, मी दूत. हे चार शब्द मी दीड महिना अंघोळ करताना, सायकलवरून जाताना आणि गोठ्यात म्हशीसमोर उभं राहून घोटले होते. प्रयोगाच्या रात्री धावत आत शिरलो, मुजरा केला, मान वर केली आणि डोकं धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ झालं. विंगेतून आमचे प्रॉम्प्टर काका कुजबुजले. मला ऐकू आलं नाही. ते जरा मोठ्यानं कुजबुजले. पहिल्या रांगेला ऐकू आलं. तिसऱ्यांदा ते जे कुजबुजले ते बाल्कनीत गेलं, आणि तिथल्या एका सद्गृहस्थानं ते मला पुन्हा एकदा सांगूनही पाहिलं. शेवटी महाराजांनीच सिंहासनावरून विचारलं, ‘‘काय म्हणतोस? शत्रू वेशीपाशी आला?’’ मी मान डोलावली.

परीक्षक त्या नाटकातल्या मूक अभिनयाबद्दल दोन शब्द बरे बोलले होते असं मी अनेकांना सांगत आलो आहे. ते दुसऱ्याच नाटकाबद्दल बोलले होते असं ताई त्याच अनेकांना सांगत आली आहे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि दर स्नेहसंमेलनात शंभर-शंभर पोरांकडून नाटकं बसवून घेतली. त्यातलं एकही पोर कधी अडलं नाही, हे ती मुद्दाम माझ्याकडे बघून सांगते. घरात दाराची बेल वाजली की गेली सत्तेचाळीस वर्षं तिचं एकच वाक्य आहे : ‘‘बघ रे बाळू, शत्रू आला वाटतं.’’

तर गेल्या मे महिन्यात ताईच्या लेकीनं आईला लंडनला बोलावलं आणि ताईनं बॅगा उचलायला म्हणून मला बरोबर घेतलं. आमच्या सौभाग्यवतींनी परवानगी इतक्या तत्परतेनं दिली, की विमान उतरेपर्यंत मी त्या तत्परतेवरच विचार करत होतो.

लंडनमध्ये आम्ही सगळं पाहिलं. टॉवर ब्रिज पाहिला, पूल आहे. राजवाडा पाहिला, राजा दिसला नाही. म्युझियममध्ये ताईनं ‘‘हे पण आपलंच’’ असं अकरा वेळा म्हटलं. मला मात्र एकच जागा बघायची होती, ती म्हणजे फुलराणी जिथं उभी होती ती.

आता फुलराणी आमच्या पुलंची, हे कोणी मला सांगायला नको. पण पुलंनी ‘ती फुलराणी’ ज्याच्यावरून रचलं ते शॉचं ‘पिग्मॅलियन’. लंडनच्या रंगभूमीवर ते आलं १९१४ साली. त्याचा पहिला प्रवेश घडतो तो कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल चर्चच्या पुढच्या पडवीत. रात्रीची सव्वाअकराची वेळ, धो धो पाऊस, नाटक बघून निघालेली बडी मंडळी खांबांच्या आडोशाला थांबलेली, आणि त्यांच्यात ती मळक्या कपड्यांतली फुलं विकणारी पोर. ती पडवी अजून आहे. शिवाय ते चर्चच नटांचं. इंग्लंडात त्याला ‘ॲक्टर्स चर्च’ म्हणूनच ओळखतात. आजूबाजूला ड्रुरी लेनचं थिएटर, ऑपेरा हाऊस, पुढे सगळी वेस्ट एंडची वस्ती. नट जन्मभर तिथं राबायचे आणि शेवटी इथं भिंतीवर यायचे. म्हटलं, चार शब्दांचा का होईना, मीही नटच. हजेरी लावून येऊ.

भाचीनं सकाळी चिठ्ठीवर लिहून दिलं : ‘मामा, घुमटवालं मोठं सेंट पॉल नव्हे, धाकटं. कॉव्हेंट गार्डनला उतरा. लिफ्टनेच वर या.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

हाउन्सलोहून पिकॅडिली लाईन सरळ तिथं जाते. आधीचं स्टेशन लेस्टर स्क्वेअर. तिथून कॉव्हेंट गार्डन जेमतेम २६० मीटर, म्हणजे आमच्या मारुती रोडवर एवढ्या अंतरासाठी कोणी सायकलसुद्धा काढणार नाही. उतरलो तर लिफ्टसमोर ही गर्दी. शेजारी गोल जिना आणि त्यावर पाटी : १९३ पायऱ्या, पंधरा मजली इमारतीएवढ्या, विचार करून चढा. ताई गुडघे सांभाळत लिफ्टच्या रांगेत उभी राहिली. मी म्हटलं, आम्ही रायगड चढलेली माणसं आहोत. रायगड १९७४ साली चढलो होतो हे ऐंशीव्या पायरीवर आठवलं. एकशेविसाव्या पायरीवर मागून आलेला एक जपानी म्हातारा ‘सॉरी’ म्हणून पुढे निघून गेला. वर पोचलो तेव्हा ताई तीन दुकानं बघून आली होती आणि तिच्या हातात एक साबण होता.

इथं माझ्या पायांबद्दल सांगणं भाग आहे. आदल्या दिवशीच्या पावसात माझे बूट भिजले होते आणि ते भाचीच्या हीटरवर वाळत पडले होते. म्हणून मी अस्सल कोल्हापुरी चप्पल घातली होती. चांगली जाड, कापशी, चालताना करकर वाजणारी. आणि थंडी बाधेल म्हणून ताईनं जबरदस्तीनं लोकरीचे मोजे घालायला लावले होते. अंगठा कोल्हापुरीच्या अंगठ्यात जाईना, तेव्हा तिनंच कात्रीनं मोज्याला भोक पाडून दिलं. या पोशाखात, धापा टाकत, करकर वाजत मी युरोपीय रंगभूमीच्या दारात निघालो होतो.

चौकात शिरलो आणि समोर ती पडवी. काळवंडलेल्या दगडाचे भलेथोरले खांब, वर मोठा त्रिकोणी माथा, छपराच्या पागोळ्या चांगल्या हातभर पुढे आलेल्या. आणि मधोमध उंच दार. नक्षी नाही, मूर्ती नाही, काही नाही.

‘‘हळदीच्या गोदामासारखं दिसतंय की रे,’’ ताई म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. पडवीसमोर फरसबंदीवर दोन-अडीचशे माणसं अर्धगोल करून बसली होती आणि मध्ये तांबड्या गॅलिसची विजार घातलेला एक किडकिडीत इसम उंच एकचाकी सायकल धरून काहीतरी ओरडत होता. म्हटलं, असेल कोणी डोंबारी. आपल्याला काय? आपण देवदर्शनाला आलोय. प्रेक्षकांना अडथळा नको म्हणून मी थिएटरात उशिरा आलेला माणूस जातो तसा कमरेत वाकून, उजवा हात पुढे करून, ‘सॉरी सॉरी’ करत त्या इसमाच्या पाठीमागून पडवीत गेलो. लोक हसले. डोंबारी विनोदी दिसतोय, असं मला वाटलं.

पडवीच्या भिंतीवर एक मजकूर कोरलेला आहे. सॅम्युअल पेप्स नावाच्या रोजनिशीवाल्यानं १६६२ सालच्या मे महिन्यात इथं बाहुल्यांचा खेळ पाहिला, इंग्लंडात ‘पंच’ची पहिली नोंद ती. मी गहिवरलो. कारण आमचे विष्णुदास भावेही बाहुल्या करायचे. स्वतःच्या हातानं लाकडाच्या, हलत्या हातापायांच्या. ‘‘ताई, भाव्यांनी पण बाहुल्याच...’’ असं मी मोठ्यानं ओरडलो. ताई गर्दीच्या पार पलीकडे होती. लोक पुन्हा हसले.

मग मी दाराशी आलो. देवाचं दार म्हणून चपला काढल्या, तोंडं बाहेरच्या दिशेला करून नीट जोडून ठेवल्या. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. हशा. दार ढकललं. उघडेना. खांद्यानं ढकललं. प्रचंड हशा. म्हटलं, ओढायचं असेल; पण ओढायला कडी नव्हती. टकटक केलं, आणि आतून कोणी ‘कोण आहे?’ म्हणतंय का ते ऐकायला दाराला कान लावला. मागे अडीचशे माणसं अक्षरशः लोळत होती. मला त्या डोंबाऱ्याचा हेवा वाटला. काय पब्लिक बांधलंय पठ्ठ्यानं! जरा बघावं तरी म्हणून मी वळलो.

तो इसम सायकलवर उंच बसला होता. त्याच्या हातांतून एक पेटता पलिता, एक लांब सुरा आणि माझी डावी कोल्हापुरी आळीपाळीनं आकाशात जात होत्या.

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात तेव्हा त्याला शहाणपणाचं काहीतरी सुचावं अशी योजना नाही. मी ‘‘अरे अरे अरे!’’ म्हणत मोज्यांनिशी पुढे धावलो. लोकरी मोजे आणि गुळगुळीत दगड. मी धावायचा थांबलो तरी पाय थांबले नाहीत. सरळ त्याच्या सायकलीपाशी जाऊन, पडू नये म्हणून तिचा दांडा दोन्ही हातांनी धरला. वरून त्यानं सुरा, पलिता आणि चप्पल तिन्ही झेलली, खाली वाकून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की सर, या दारातून गेली जवळजवळ चारशे वर्षं कोणी आत गेलेलं नाही, तुम्हाला आज घेतील असं का वाटलं?

मी म्हटलं, ‘‘का बरं?’’

तो म्हणाला, ‘‘खोटं आहे ते.’’

आता हे खोटं प्रकरण काय, ते मला तासाभरानं कळलं. तोपर्यंत मी कॉव्हेंट गार्डनच्या चौकातला स्वयंसेवक झालो होतो. त्यानं माझं गाव विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं. त्यानं गर्दीकडून ‘सँग-ली! सँग-ली!’ असं तीनदा ओरडून घेतलं. भाव्यांच्या आत्म्याला काय वाटलं असेल ते असो, माझ्या अंगावर काटा आला. मग त्यानं खेळ समजावला. मी सायकलीचा दांडा धरायचा. तो वर एका पायावर उभा राहणार. माझी चप्पलही पेटवून घेण्याचा त्याचा विचार होता, तो मी हातवारे करून हाणून पाडला. आणि मी मोठ्या आवाजात ‘गो’ म्हटलं की तो तिन्ही वस्तू हवेत फेकणार. ‘‘एकच शब्द, सर. एवढं जमेल ना?’’

एकच शब्द. म्हणजे १९७८ पेक्षा तीन कमी.

तो उभा राहिला. ढोलकीवाला थांबला. अडीचशे माणसं गप्प झाली. कबुतरंसुद्धा गप्प झाली असावीत. समोर चेहरे, आइस्क्रीम, मोबाईल, खांद्यावर बसलेली पोरं. मी तोंड उघडलं, आणि पाटी स्वच्छ.

तोच स्वच्छपणा. इतक्या वर्षांनी, साडेसात हजार किलोमीटरांवर, मला तो नातेवाईक भेटावा तसा ओळखू आला. वरून तो इसम हळूच म्हणाला, ‘‘सर? गो.’’ ऐकू आलं, कळलं नाही. त्याचा पाय थरथरायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं मला ‘गो’ सांगितलं. मग सगळी रांगच सांगायला लागली. हे सगळं असंच्या असं पूर्वी झालं होतं. फक्त सिंहासन नव्हतं.

तेवढ्यात गर्दीच्या मागच्या टोकाकडून, चौतीस वर्षं शंभर पोरांच्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आला :

‘‘अरे बाळूऽऽ! बोल की! काय करायलायस तिथं उभा राहून?’’

आणि माझ्या तोंडून, पोटातून, १९७८ पासून अडकून राहिलेलं ते सगळं एकदम बाहेर पडलं :

‘‘महाराज! शत्रू वेशीपाशी आला!’’

काय सांगू! आवाज खांबांवर आपटून परत आला. ‘वेशीपाशी’तला ‘वे’ मी असा काही लांबवला होता की तालीममास्तर असते तर त्यांनी पगडी फेकली असती. त्या इसमाला शब्द नाही, पण सूर समजला. पलिता, सुरा, चप्पल तिन्ही आकाशात गेली, तिन्ही त्याच्या हातात आली आणि चौक टाळ्यांनी फुटला. तो खाली उतरला आणि त्यानं मला वाकून नमस्कार केला. मी मुजरा केला. सरावाचा होता.

नंतर टोपी फिरली. ताईनं पाच पौंडांची नोट टाकण्यापूर्वी तिचे रुपये करून पाहिले आणि टोपी तशीच धरून ठेवून ‘‘आधी चप्पल’’ असं स्वच्छ मराठीत सांगितलं. चप्पल मिळाली. अंगठ्यापाशी थोडी भाजली आहे. मी ती दुरुस्त करणार नाही.

‘‘सत्तेचाळीस वर्षं लागली,’’ ताई म्हणाली. ‘‘तोवर शत्रू राज्य करून गेलासुद्धा.’’

खरं दार मागच्या बाजूला आहे. किंग स्ट्रीटच्या रांगेतल्या एका बोळकांडीतून गेलं की गलका पाठीमागे पडतो आणि आपण एकदम बागेत असतो. तिथं माहिती वाचली, तेव्हा माझा राग उलट वाढला. म्हणजे काय, की हे चर्च बांधलं इनिगो जोन्स यानं. १६३१ साली काम निघालं, दोन वर्षांत इमारत उभी राहिली, पण उद्घाटनाचा विधी व्हायला १६३८ साल उजाडलं. एवढी दिरंगाई ऐकून जरा आपलेपणा वाटला. बेडफर्डचा अर्ल या जमिनीचा मालक. चौकाभोवती बडी घरं बांधायची परवानगी मिळावी म्हणून त्यानं राजाला दोन हजार पौंड मोजले होते. मग चर्चवर आणखी खर्च त्याच्या जिवावर आला. तो जोन्सला म्हणाला म्हणे, की धान्याच्या कोठारापेक्षा फार बरं नसलं तरी चालेल. त्यावर जोन्सनं शब्द दिला, इंग्लंडातलं सर्वांत देखणं कोठार बांधून देतो. हे मी ताईला वाचून दाखवलं. तिनं ‘हळदीचं गोदाम’ एवढंच म्हटलं आणि विजयी मुद्रेनं पर्समधून सुपारी काढली.

जोन्सनं चौकाच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, हे भव्य दार काढलं आणि वेदी पश्चिमेला ठेवायचं ठरवलं. धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. बिशप लॉड यांचं नाव यात सांगतात. वेदी पूर्वेलाच हवी, परंपरा आहे. मग वेदी आली पूर्वेला, बरोबर त्या दाराच्या मागे. दार बुजलं, लोक आले मागच्या बाजूनं, आणि एवढी खांबांची पडवी नुसती दर्शनी उरली.

पण माझा राग कशानं पळाला सांगू? हा जोन्स मुळात नेपथ्यकार! राजदरबारातल्या नाटकांचे सेट करणारा. सरकते पडदे, चौकटीतला रंगमंच हे इंग्लंडात रुळवणाऱ्यांपैकी. बेन जॉन्सन संवाद लिहायचा, हा देखावे उभे करायचा, आणि नाटक कोणाचं यावरून पुढे दोघांचं वाजलं. म्हणजे तिथंही आपल्यासारखंच. तर अशा माणसाला चौकात दार काढायला सांगितल्यावर दुसरं काय होणार? त्यानं सेट लावून दिला. आमच्या नाटकातही राजवाड्याचं दार असंच होतं, चौकटीला ताणलेल्या कापडावर रंगवलेलं. तेही मी एकदा तालमीत ढकललं होतं. ते मात्र उघडलं. आख्खं उघडलं, मागच्या माणसासकट.

बागेत बाकं आहेत. दोन्ही कडांनी ओळीनं, गुलाबांच्या ताटव्यांलगत, आणि बाकांच्या पाठींवर नाटकवाल्यांच्या नावाच्या पितळी पट्ट्या. पूर्वी इथं दफनभूमी होती. १६६५ च्या लंडनमधल्या मोठ्या प्लेगची पहिली नोंदलेली रुग्ण इथंच पुरली आहे म्हणतात. हे कळल्यावर ताईनं पर्समधून सॅनिटायझर काढला. एरवी बाग म्हणजे शांत. ऑफिसची माणसं डबे खात होती. एक तरुण मुलगी पुटपुटत काहीतरी पाठ करत होती. हातात कागद, डोळे मिटलेले. उद्या तिची ऑडिशन असावी. एवढ्यात शेजारच्या बाकावर एक गृहस्थ आले आणि फोनचा स्पीकर लावून आपल्या फ्लॅटच्या हप्त्याबद्दल मोठमोठ्यानं बोलायला लागले. शुद्ध पुणेरी मराठीत. त्या मुलीनं डोळे उघडले आणि कागद मिटून निघून गेली. मी आयुष्यात फार थोड्या माणसांना मनापासून शिव्या दिल्या आहेत; त्यांत हे आले. मनातल्या मनात दिल्या, कारण मराठी त्यांना कळलं असतं.

चर्च आतून एकच मोठी खोली आहे. १७९५ च्या आगीत ते जळलं, ते टॉमस हार्डविकनं पुन्हा उभं केलं. पण बघायच्या त्या भिंती. चार्ली चॅप्लिन. नोएल कॉवर्ड. एलन टेरीच्या अस्थी चांदीच्या पेटीत. व्हिव्हियन लीचा जन्म दार्जिलिंगचा, हे सांगताच ताई म्हणाली, ‘‘मग आपलीच की,’’ आणि पुढे सरकली. बोरिस कार्लॉफसुद्धा आहे, तो पडद्यावरचा फ्रँकेनस्टाइनचा राक्षस. हे मला फार आवडलं. भाव्यांच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत यायचे आणि बायका पोरांचे डोळे झाकायच्या. त्या राक्षसांना कुठल्या देवळाच्या भिंतीवर जागा मिळाली?

चार्ल्स मॅक्लिन नावाच्या नटाची शिळा मी सगळ्यांत जास्त वेळ बघत बसलो. तिच्यावर नाटकातला मुखवटा कोरला आहे आणि मुखवट्याच्या डोळ्यात खंजीर. या मॅक्लिननं १७३५ साली ड्रुरी लेनच्या रंगपटात एका सहनटाच्या डोळ्यात काठी खुपसली आणि तो मेला. भांडण कशावरून, तर केसांच्या टोपावरून. खटला झाला, सदोष मनुष्यवधाचा ठपका आला, आणि पुढे याच मॅक्लिनचा शायलॉक लंडनभर गाजला. नव्वदी ओलांडून गेला. आमच्याकडे महाराज आणि सेनापती यांच्यात एकच टोप होता आणि तो विंगेत बदलावा लागे. एकदाही रक्त सांडलं नाही, याचं श्रेय काकांना. टोप तेच सांभाळायचे.

काका दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे आणि रात्री विंगेत बॅटरी घेऊन बसायचे. तीस वर्षं. प्रत्येक नाटकातली प्रत्येक भूमिका त्यांना पाठ, आणि स्टेजवर एकदाही गेले नाहीत. १९७६ साली त्यांनी आम्हा अकरा पोरांना एसटीनं पुण्याला नेलं होतं, बालगंधर्वला ‘ती फुलराणी’ बघायला. सगळ्यांत मागची रांग. भक्ती बर्वे स्टेजवर आल्या आणि पुढचे दोन-तीन तास मी कुठे होतो मला ठाऊक नाही. पण एकदा शेजारी नजर गेली. काकांचे ओठ हलत होते. सवयीनं. पाठ नसलेलं नाटक ते तिला आधीच सांगायला बघत होते, आणि ती प्रत्येक वेळी त्यांच्या पुढे निघून जात होती. परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘हिला प्रॉम्प्टर लागत नाही रे. मग प्रॉम्प्टरनं करायचं काय?’’

भक्तीबाई २००१ साली गेल्या. मुंबई-पुणे रस्त्यावर, अपघातात, वाईहून कार्यक्रम करून परतताना. काका त्याच्या आधीच गेले होते. त्या भिंतींवरची नावं मी पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे वाचली. का, ते विचारू नका. तिथं असणार नव्हतीच.

ताई मागच्या बाकावर गुडघे चोळत बसली होती. मी वेदीच्या कठड्यापाशी गेलो. समोरची भिंत म्हणजे त्या दाराची आतली बाजू. दार नाही, काही नाही, सपाट. आणि भिंतीपलीकडून, पाण्याखालून यावा तसा, चौकातला आवाज येत होता. हशा. ढोलकी. तांबड्या गॅलिसवाल्याचं ओरडणं. बहुतेक त्याचा दुसरा खेळ लागला होता. मी कुठे उभा आहे ते मला हळूहळू कळलं. सेट पुढे, प्रेक्षक त्याच्या पुढे, आणि मी मागे, अंधारात.

बाहेर ढोलकी थांबली. सगळं एकदम शांत झालं. पुन्हा कोणीतरी सापडला होता. एक क्षण गेला, दुसरा गेला, ‘गो’ काही येईना. ही शांतता मला चांगली ओळखते.

मी कठड्यावरून पुढे वाकलो आणि भिंतीला सांगितलं, ‘‘महाराज, शत्रू...’’

‘‘मोठ्यानं सांग,’’ मागून ताई म्हणाली. ‘‘काकांसारखं. बाल्कनीत गेलं पाहिजे.’’

मी सांगितलं. मेणबत्ती लावत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दचकून वळून पाहिलं, आणि भिंतीपलीकडे टाळ्या पडल्या.